पाहुणा म्हणजे घड्याळ

गेल्या मंगळवारी सकाळी पावणेअकराच्या सुमारास मुंबई-आग्रा रस्त्यावर, पंचवटीच्या पुढे, एका रिकाम्या ट्रकने तुझ्या सायकलला मागून धडक दिली. ट्रक मालेगावला कापड भरायला निघाला होता. मागचं चाक तुझ्या छातीवरून गेलं. डॉक्टरांच्या मते तू जागच्या जागी गेलास. आमच्या पेपरात चार ओळी आल्या. त्या मी लिहिल्या नव्हत्या. त्यात तुझं वय दोन वर्षांनी चुकलं होतं आणि ‘कारखानदार’ असा शब्द होता. तीन लेथ आणि एक ड्रिल असलेल्या माणसाला कारखानदार म्हटलेलं तू चालवून घेतलं नसतंस, भास्कर.

पंचनामा मी वाचला. ‘उजव्या मनगटावर एक घड्याळ, काच फुटलेली, चालू स्थितीत.’ ते तीन दिवस पोलीस ठाण्याच्या कपाटात होतं. शकूवहिनींना परत मिळालं तेव्हा बंद होतं. बिघडलं असेल, असं तिथला हवालदार म्हणाला. वहिनींनी त्याच्यासमोर किल्ली दिली आणि ते चालू झालं. तीन दिवस कुणी किल्ली दिली नव्हती, एवढंच.

घड्याळ उजव्या मनगटावर का होतं, हे पंचनाम्यात नाही. स्कूटर विकून तू सायकलवर का आलास, तेही नाही. दोन्हींचं कारण एक आहे. ते मला माहीत आहे, आणि ते लिहायला मी सात वर्षं लावली.

तू ते पहिलं घड्याळ मागवलंस ते चौऱ्याहत्तर साली. तोवर तुझ्याकडे सहा होती. सगळी जुनी, कुणाची तरी वापरलेली, तू स्वतः उघडून दुरुस्त केलेली. ती तू बिस्किटांच्या डब्यात कापसावर ठेवायचास आणि रविवारी सकाळी ओळीने किल्ली द्यायचास. सातवं नवं हवं होतं. स्वित्झर्लंडमधल्या एका डोंगराळ गावातला कारखाना, वर्षाला मोजकी घड्याळं, एकेक घड्याळ एकच माणूस सुरुवातीपासून शेवटपर्यंत जुळवणार. मुंबईत फोर्टातल्या एका दुकानदाराकडे आयातीचा परवाना होता. त्याने तुला सांगितलं की दोन वर्षं लागतील, कदाचित तीन. तू खूश होऊन परत आलास.

मी म्हणालो, “तीन वर्षं थांबून वेळ बघणार?”

“वेळ बघायला तुझं आहे की,” तू म्हणालास. “मला ते येताना बघायचंय.”

डब्यातल्या कापसात तू बोटाने सातवा खळगा केलास. त्या दिवसापासून तो रिकामा होता.

दुकानदार कार्डावर कळवायचा. उघड्या कार्डावर महागड्या घड्याळाचं नाव लिहू नये, पोस्टमनपासून शेजाऱ्यापर्यंत सगळे वाचतात, असं त्याचं म्हणणं. काहीतरी दुसरा शब्द घ्या म्हणाला. शब्द मी सुचवला: पाहुणा. मग कार्डं येऊ लागली. ‘पाहुणा अजून तयार नाही.’ ‘पाहुण्याला उन्हाळा लागेल.’ शकूवहिनी दारात पाणी ओतताना मला विचारायच्या, “काय भावजी, ह्यांचा पाहुणा निघाला का? त्याच्यासाठी खळगा तयार आहे. माझ्या माहेरचं माणूस आलं तर त्याला पाट मिळत नाही.”

एकदा मी तुला चिडवलं, की गँगमनचा मुलगा असून तुला साहेबी शौक. तू चिडला नाहीस. तू सांगितलंस की तुझे वडील देवळालीकडे रुळांवर होते तेव्हा टोळीत एकच घड्याळ होतं, मुकादमाचं, आणि ते पुढे होतं. रोज कुणीतरी उशिरा आलेला ठरायचा. उशिरा आलेल्याला झेंडीच्या काठीने पाठीवर मार. बरेचदा तो तुझा बाप असायचा, कारण तुमची वस्ती सगळ्यात लांब आणि कारण तुमची वस्ती कुठली ते मुकादमाला माहीत होतं. “बाबांना सूर्यावरून बरोबर वेळ कळायची,” तू म्हणालास. “पण घड्याळ त्याच्याकडे होतं.” मग तू विषय बदललास.

आता आणीबाणीचा पहिला हिवाळा. यातला अर्धा भाग मी तुला कधी सांगितला नाही.

त्या हिवाळ्यात माझ्या घरी, मागच्या खोलीत, माझ्या बायकोचा, सुमनचा, मामेभाऊ लपून राहिला होता. तो चळवळीतला होता, त्याच्या नावाचं वॉरंट होतं. घरात त्याचं नाव घ्यायचं नाही असं ठरलं. मग काय म्हणायचं? माझ्या तोंडात एक शब्द तयार होता. तुझ्या कार्डांमुळे दीड वर्ष तोच घोळत होता. मी त्याला पाहुणा म्हणू लागलो, सुमनही म्हणू लागली. ‘पाहुण्याला चहा दे.’ ‘पाहुणा झोपलाय.’ भिंतीपलीकडे कुणीतरी ते ऐकलं असणार. कुणी, ते शेवटपर्यंत समजलं नाही. पोलिसांकडे एवढीच खबर पोचली: नाशकात एक फरारी आहे, त्याला पाहुणा म्हणतात.

तेव्हा टपाल तपासलं जात होतं. त्याच आठवड्यात तुला दुकानदाराचं कार्ड आलं. ते मी नंतर पाहिलं, शब्द असे होते: ‘पाहुण्याचे कागद अडकले आहेत. सुटताच विश्वासू माणसाबरोबर नाशिकला पाठवतो. तोवर कुठे बोलू नये.’

सोमवारी सकाळी पोलीस तुझ्या वर्कशॉपमध्ये आले आणि तुला घेऊन गेले. घराची झडती झाली. डबा त्यांनी बरोबर नेला.

पुढचं तू सांगितलंस. त्या ठाण्यातून बदली होऊन गेलेल्या एका शिपायाने मला नंतर दुजोरा दिला. दोघांच्या सांगण्यात जे जुळतं तेवढंच लिहितो.

जमादाराने विचारलं, “कुठं हाय पाहुना?”

“मुंबईत. दुकानात.”

“नाव काय त्याचं?”

“नाव नाही, साहेब. नंबर असतो. घड्याळ आहे ते.”

“घड्याळाला कागद लागत्यात व्हय?”

“आयातीचे लागतात.”

ते हसले. शिपाईसुद्धा हसला, तसं त्याने मला सांगितलं. मग जमादाराने डबा उघडून एक घड्याळ फरशीवर ठेवलं आणि पुन्हा विचारलं, पाहुणा म्हणजे कोण. तू म्हणालास, घड्याळ. त्याने बुटाची टाच दिली. दुसरं ठेवलं. सहा वेळा विचारलं, सहा वेळा तू तेच म्हणालास. सहा घड्याळं गेली. तू नंतर मला म्हणालास, “सातवं असतं तर मी कुणाचंही नाव घेतलं असतं. पण नाव ठाऊक पाहिजे ना.”

मंगळवारी पट्ट्याने तळपायांवर मारलं. जमादार म्हणाला, “तुझ्या बापानं कधी घड्याळ बघितलं व्हतं का?” तू म्हणालास, “बघितलं होतं. मुकादमाच्या हातात.” हे उत्तर उद्धटपणाचं धरलं गेलं. तुझा डावा हात टेबलाच्या खणात घालून त्यांनी खण लाथेने बंद केला. मग उघडला आणि दुसऱ्यांदा बंद केला. मनगटाचं हाड दोन ठिकाणी तुटलं. त्या हाताला बुधवारी संध्याकाळपर्यंत डॉक्टर मिळाला नाही, म्हणून ते वाकडं जुळलं.

आता माझी बाजू. शकूवहिनी सोमवारी दुपारी बाराला ऑफिसात आल्या होत्या. उभ्याच राहिल्या.

“भावजी, ते पाहुणा पाहुणा विचारतायत. तुम्ही जाऊन सांगा, पाहुणा म्हणजे घड्याळ. शब्द तुमचाच आहे.”

“बघतो, वहिनी.”

“बघता म्हणजे जाता ना?”

“जातो.”

मी गेलो नाही. वहिनींना वाटलं मी घाबरलो. तुलाही तेच वाटलं, आणि मी ते तसंच वाटू दिलं. घाबरलो होतो हेही खरं. पण वहिनी माझ्यासमोर उभ्या होत्या त्या वेळी तो मामेभाऊ माझ्या घरी जेवायला बसला होता. मी ठाण्यात जाऊन हा शब्द माझा म्हटलं असतं, तर पुढचा प्रश्न माझ्या पत्त्याचा असता.

त्याला हलवायला मंगळवारी गाडी मिळाली नाही. बुधवारी हरसूलचा बाजार होता. पहाटेच्या एसटीत बाजारकऱ्यांची गर्दी असते, म्हणून तो दिवस निवडला. त्याच्या डोक्यावर कांद्याचं गोणपाट दिलं. हरसूलहून एका शिक्षकाने त्याला डोंगरातून गुजरातच्या बाजूला नेलं. तिकडे तेव्हा विरोधकांचं सरकार होतं, तशी धरपकड नव्हती. मी त्याच एसटीने परत आलो, घरी जाऊन कपडे बदलले आणि दुपारी दोनला ठाण्यात गेलो. दुकानदाराच्या ऑर्डरची पावती वहिनींकडून घेतली होती. शब्द माझा, पाहुणा म्हणजे घड्याळ, ही पावती, असं सांगितलं. सगळं मिळून वीस मिनिटं लागली.

जमादार पावती उलटसुलट करून म्हणाला, “मग आधी का नाय आलात?”

“बाहेरगावी होतो,” मी म्हणालो.

त्या दिवसापुरतं ते खरं होतं. मी बातमीत अशीच वाक्यं लिहितो, ज्यांना नंतर खोटं म्हणता येत नाही.

तुला बाहेर आणलं तेव्हा तू माझ्याकडे पाहिलं नाहीस. खाली, फरशीकडे पाहत होतास. शिपाई म्हणाला, कचरा सकाळीच भरला.

पंधरा दिवसांनी तू मला गोदाघाटावर बोलावलंस. भाजीवाल्या बायका पाणी मारत होत्या. तुझा डावा हात गळ्यात होता. तू विचारलंस, “बाहेरगावी होतास?”

“हो.”

“तीन दिवस?”

तू उजव्या हाताने मारलंस. ठोसा जबड्यावर बसला, मी पायरीवर पडलो आणि खालचा एक दात तुटला. तू वाकून दात शोधलास. एकीने, “अरे, सोडा त्याला,” म्हणून मेथीची जुडी तुझ्या पाठीत हाणली. मग तूच मला रिक्षात घालून दातांच्या डॉक्टरकडे नेलंस. तोंड कशाने फुटलं असं डॉक्टरने विचारलं.

“पाहुण्याने,” तू म्हणालास. डॉक्टर घरगुती भांडण समजला आणि कामाला लागला. मला हसू आलं आणि हसताना इतकं दुखलं की डोळ्यांत पाणी आलं. तुझ्याही आलं होतं. त्या दिवशी सांगायला हवं होतं. तेव्हा आणीबाणी होती, तो अजून फरारी होता, ही सबब उरली होती. पुढच्या वर्षी ती गेली.

सत्याहत्तर साली निवडणुका झाल्या आणि तो उघडपणे नाशकात आला. सभा झाली, हार पडले. तू सभेला नव्हतास, मी बातमीसाठी होतो. तो म्हणाला, “नाशिकने मला लपवलं आणि माझ्यामुळे इथे कुणाला ओरखडासुद्धा आला नाही.” त्यापुढचं वाक्य होतं, “त्या घरी मला सगळे पाहुणा म्हणत.” पहिलं वाक्य मी बातमीत घेतलं. दुसरं कापलं. वीस वर्षांच्या नोकरीत जागेसाठी मी हजारो वाक्यं कापली. त्या दिवशी जागा होती.

त्याच वर्षी तू जमादाराविरुद्ध कोर्टात फिर्याद दिलीस. तुला भरपाई नको होती. मारहाण झाली, ती या कारणाने झाली आणि ते कारण चुकीचं होतं, एवढं कागदावर यावं ही मागणी. तुझा वकील म्हणाला, मुख्य साक्षीदार मी. शब्द माझा, ठाण्यात गेलो मी. आणि समोरचा वकील पहिला प्रश्न विचारणार: शब्द तुमचा होता तर तिसऱ्या दिवशी का गेलात? शपथेवर बाहेरगावी म्हणून भागणार नव्हतं.

खरं सांगण्यात आता धोका काहीच नव्हता. उलट लोकांनी हार घातला असता. पण तू त्याच खोलीत बसलेला असतास. तुला समजलं असतं की सोमवार ते बुधवार मी दोन माणसांमध्ये निवड केली आणि तुझा हात दिला. मी वकिलाला सांगितलं, या तारखेला जमत नाही, पुढची घ्या. असं सहा वर्षं सांगत राहिलो. वकील समन्स काढू म्हणाला. तू काढू दिलं नाहीस. “तो येईल,” म्हणालास. हे मला वकिलाने सांगितलं, तू नाही.

अठ्ठ्याहत्तरमध्ये घड्याळ आलं. दुकानदार स्वतः घेऊन आला. वहिनींनी त्याला ओवाळलं, घड्याळाला की दुकानदाराला ते स्पष्ट नव्हतं. “बसा पाहुणे,” त्या खोक्याला म्हणाल्या. तू डाव्या हातावर बांधून पाहिलंस. हाड वर आलेलं, पट्टा बसेना. मग उजव्या हातावर बांधलंस. किल्ली देताना ते काढून डाव्या तळव्यावर ठेवायचास. बोटं मिटत नव्हती, त्यामुळे तळवा पाटासारखा सपाट असायचा. क्लच दाबता येईना म्हणून स्कूटर त्याआधीच विकली होतीस.

तुला वाटलं असेल की सहाच्या बदल्यात एक आलं की झालं. तसं झालं नाही. पुढच्याच वर्षी तू दुसरं मागवलंस, त्याच कारखान्याचं. दुकानदाराने कळवलं की तिथे निम्मी माणसं घरी बसली, जगभर सेलवरची घड्याळं आली, हे किती वर्षांनी येईल सांगता येत नाही. मी माझ्या मनगटावरचं सेलचं घड्याळ दाखवून म्हणालो, “हे महिन्याला दोन सेकंदही चुकत नाही. तुझं दिवसाला चार चुकतं. मग वाट कशाची बघतोस?”

तू म्हणालास, “तिकडे एक म्हातारा बसलाय. तो माझ्या घड्याळावर काम करतोय. हळू करतोय, पण करतोय. मी इथे थांबलो तर चालतं मला.” मग थोड्या वेळाने, लेथ पुसत, “काही ठिकाणी दुसऱ्या टोकाला कुणी बसलेलंच नसतं. ते थांबणं वाईट.”

ते मला उद्देशून होतं. मला समजलं आणि मी सेलच्या घड्याळावर वाद घालत बसलो. तो वाद अजून संपलेला नाही. माझ्या बाजूने सेकंद आहेत.

तू गेलास त्याच्या आधीच्या रविवारी आपण शेवटचे भेटलो. तू किल्ली देत होतास. मान वर न करता विचारलंस, “तुझा पाहुणा बरा आहे ना?”

मी म्हणालो, “कुठला?”

तू म्हणालास, “म्हणजे किती होते?”

आणि हसलास. त्यात चीड नव्हती. दुकानदाराचं कार्ड दाखवलंस, दिवाळीनंतर नक्की असं त्याने लिहिलं होतं. वहिनी चहा घेऊन आल्या आणि बोलणं दिवाळीवर गेलं. तुला माहीत होतं का, किती वर्षं माहीत होतं, कुणाकडून समजलं, यातल्या कशाचीही खातरजमा आता करता येत नाही. मी सुमनला विचारलं. तिने सांगितलं नव्हतं.

तुझ्या जलदानविधीच्या दिवशी विहारात वंदना झाली. तुझ्या वर्कशॉपमधले तिघे मागे उभे होते, हात ग्रीसचे तसेच. लोक जेवायला बसल्यावर मी वहिनींना बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं: मागची खोली, हरसूलची एसटी, कांद्याचं गोणपाट, कापलेलं वाक्य. त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही. शेवटी म्हणाल्या, “त्या दिवशी मी तुमच्या ऑफिसात उभी होते तेव्हा तो जेवत होता?”

“हो.”

“काय होतं जेवायला?”

मला आठवत होतं. “पिठलं-भाकरी.”

त्यांनी मान हलवली. पदराने हात पुसले. “हे मला कशाला सांगता, भावजी? ज्यांना सांगायचं ते गेले. आता कोर्टात सांगा.”

काल सोमवारी मी कोर्टात गेलो. निवेदन दोन पानांचं आहे. तिसऱ्या दिवशी का गेलो, हे पहिल्या परिच्छेदात आहे. वकिलाने ते माझ्याकडून शपथेवर करून घेतलं. कारकुनाने फाईल काढली, निवेदन लावून घेतलं, पोच दिली आणि विचारलं, “फिर्यादी हजर आहेत?” वकिलाने मृत्यूचा दाखला पुढे केला. कारकुनाने पहिल्या पानावर तुझ्या नावापुढे लाल शाईने ‘मयत’ लिहिलं, खाली तारीख घातली आणि खटला चालू ठेवायचा की बंद, या आदेशासाठी फाईल आत पाठवली.